जाम झालेले इंजिन : एका फटीचा इतिहास

कुंभार पिंपळगाव हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील एक मोठे गाव. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच परिसरात आहे. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे जालना आणि परतूरवरून, म्हणजे या गावाच्या उत्तरेकडूनच निघून जाते. दक्षिणेला गोदावरी. पैठणच्या जायकवाडी धरणाचे १९७६ साली उद्घाटन झाले. त्याचा डावा कालवा याच तालुक्यातून पुढे परभणी जिल्ह्यात जातो. कालव्याच्या आणि नदीच्या पाण्यावर इथे ऊस उभा राहिला. ऊस तोडला की त्याचे वजन आणि त्यातली साखर दर दिवसाला घटू लागते. म्हणून फडापासून कारखान्यापर्यंतचा प्रवास लवकर व्हावा लागतो. रेल्वे नसलेल्या भागात हे काम ट्रक आणि ट्रॅक्टर करतात.

अशा गावात ऐन हंगामात एखादा ट्रक बंद पडतो. किल्ली फिरवली तर 'टक्' एवढाच आवाज येतो आणि इंजिन हलत नाही. लोक म्हणतात, इंजिन जाम झाले, सीज झाले. भोवती माणसे जमतात आणि तीन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, बॅटरी बदलून आणखी जोरात सेल्फ मारा. दुसरा म्हणतो, ट्रॅक्टरला बांधून ओढा, गिअरमध्ये टाकला की सुटेल. तिसरा म्हणतो, सगळे इंजिन खोलावेच लागेल. ट्रक बहुधा कर्जावर घेतलेला असतो, हप्ता थांबत नाही, आणि मालकाला यांपैकी कोणाचे ऐकावे हे कळत नाही. पहिल्या दोन सल्ल्यांनी थोडक्यात निभावणारे काम क्रँक बदलण्यापर्यंत जाऊ शकते. तिसरा सल्ला कधी बरोबर असतो, पण कित्येकदा गरजेपेक्षा फार मोठा असतो.

चांगला मिस्त्री या तिघांपेक्षा वेगळे वागतो. तो आधी प्रश्न विचारतो, मग ऑईलची पट्टी ओढून बघतो, मग क्रँकच्या नटला लांब पाना लावून हाताने इंजिन हलवून पाहतो. काहीही न खोलता तो निम्मे निदान करतो. त्याच्या या तपासणीमागे फार मोठा इतिहास आहे. तो इतिहास एका फटीचा आहे. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली, क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली ही अगदी बारीक फट. इंजिन चालते ते या फटीमुळे, आणि जाम होते ते ही फट बंद झाली म्हणून. फट कशाने बंद झाली, हे शोधणे म्हणजेच निदान.

चाक, आस आणि वंगण

गावाच्या नावातच कुंभार आहे, तेव्हा सुरुवात त्याच्या चाकापासून करू. कुंभाराचे जड चाक एका खुंटीवर तोललेले असते. खुंटीचे टोक आणि तिच्यावर बसणारी खोबण यांच्यात थोडी मोकळी जागा हवी, नाहीतर चाक फिरणार नाही. जागा जास्त झाली तर चाक डुगडुगते आणि मडके वाकडे होते. बैलगाडीचेही तसेच. लाकडी चाकाचा तुंबा लोखंडी आसावर फिरतो. गाडीवान मुक्कामावर चाक काढून आसाला वंगण घालतो. वंगण संपले की चाक आधी करकरते, मग तापते आणि शेवटी धरते. जाम होणे म्हणजे काय, हे गाडीवानाला ट्रक येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होते.

पण वंगण नेमके काय करते, हे बराच काळ कोणालाच नीट माहीत नव्हते. घर्षणाचे नियम फ्रान्समध्ये आमाँतोंने १६९९ साली आणि कुलोंबने १७८५ साली मांडले. भार दुप्पट केला तर घर्षणही दुप्पट होते, हा त्यांतला मुख्य नियम आपण शाळेत शिकवतो. वंगणाने पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि म्हणून घर्षण कमी होते, अशी सर्वसाधारण समजूत होती.

१८८३ साली बोशँप टॉवर या इंग्रज अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग केले. लंडनच्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने हे काम त्याच्याकडे सोपवले होते. फिरत्या आसावर वरून पितळी बेअरिंग टेकलेले आणि आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला, अशी त्याची मांडणी होती. या मांडणीत घर्षण फारच कमी निघाले. शिवाय भार वाढवला तरी घर्षण जवळजवळ तेवढेच राहिले. कुलोंबचा नियम इथे लागू पडत नव्हता.

पुढे टॉवरने वरून तेल घालण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलटे वर येऊन सांडू लागले. त्याने भोकात बूच ठोकले, ते बाहेर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. मग त्याने तिथे दाबमापक बसवला. बेअरिंगवर सरासरी भार दर चौरस इंचाला सुमारे १०० पौंड होता, पण मापकाचा काटा २०० पौंडांच्याही पुढे गेला. याचा अर्थ, आस बेअरिंगला टेकलेलाच नव्हता. सगळा भार मधल्या तेलाने उचलून धरला होता.

याचे गणित १८८६ साली मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्सने सोडवले. आस किंचित एका बाजूला सरकून फिरतो, त्यामुळे फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद होते. फिरणारा आस चिकट तेलाला आपल्याबरोबर ओढत अरुंद भागात नेतो. पाचरीसारख्या त्या जागेत तेल कोंडते, त्याचा दाब वाढतो आणि आस उचलला जातो. पावसात भरधाव मोटारीचे चाक रस्ता सोडून पाण्याच्या थरावर तरंगते आणि गाडी घसरते, तोच हा प्रकार.

यातून तीन गोष्टी निघतात आणि त्या मिस्त्रीच्या रोजच्या कामाच्या आहेत. तेलाचा थर टिकायला पुरेसे तेल हवे, तेलाला योग्य चिकटपणा हवा आणि आस फिरता हवा. तेल कमी पडले, ते डिझेल किंवा पाणी मिसळून पातळ झाले, की थर फाटतो आणि धातूला धातू लागतो.

शिलिंगाच्या जाडीपासून केसाच्या जाडीपर्यंत

आता पिस्टनकडे वळू. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाची कल्पना उत्तम होती, पण सिलिंडर गोल मिळत नव्हता. पिस्टनच्या कडेने वाफ निसटून जाई. जॉन विल्किन्सनने तोफा कोरण्याच्या कामातून सिलिंडर कोरण्याचे नवे यंत्र तयार केले. ५० इंच व्यासाच्या सिलिंडरात कुठेही जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीएवढीसुद्धा चूक नाही, अशी समाधानाची नोंद वॉटचा भागीदार बोल्टन याने १७७६ साली केली. त्या काळी ही फार मोठी अचूकता होती. उरलेली फट चरबीत भिजवलेल्या तागाच्या दोराने बुजवत.

१८५०च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या रेल्वे अभियंत्याने दोराच्या जागी धातूची कडी आणली. पिस्टनला खाच पाडून तिच्यात एका ठिकाणी कापलेली कडी बसवायची. ही कडी स्प्रिंगसारखी बाहेर दाबते आणि सिलिंडरला सतत चिकटून राहते. आज आपण जिला पिस्टनची रिंग म्हणतो ती हीच. पिस्टन थोडा सैल ठेवायचा आणि फट बुजवण्याचे काम रिंगवर सोपवायचे, ही त्यातली युक्ती.

रुडॉल्फ डिझेलला या युक्तीची सर्वांत जास्त गरज पडली. त्याचा जन्म १८५८ साली पॅरिसमध्ये झाला आणि शिक्षण म्युनिकला झाले. वाफेचे इंजिन कोळशातली नव्वद टक्के उष्णता वाया घालवते, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली होती. ठिणगीशिवाय चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट त्याला १८९३ साली मिळाले. कल्पना सोपी होती. हवा एकदम दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून चार-सहा वेळा जोराने दांडा दाबला, तर पंप खालच्या टोकाला तापलेला लागतो. हवा तिच्या आकारमानाच्या सतराव्या भागात दाबली, तर आदर्श गणिताने तिचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. प्रत्यक्षात ते काहीसे कमी भरते, तरी डिझेलचे थेंब आपोआप पेटायला पुरेसे असते.

पण त्यासाठी हवा निसटता कामा नये. जर्मनीत आउग्सबुर्गच्या कारखान्यात उभ्या केलेल्या पहिल्या यंत्रात आराखड्यात धरलेला दाब चढेचना. १० ऑगस्ट १८९३ रोजी इंधन आत सोडल्यावर असा स्फोट झाला की वरचा दाबमापक फुटून उडाला. हवा दाबून इंधन पेटते एवढे तरी त्यातून सिद्ध झाले. त्यानंतर अनेक भाग पुन्हा पुन्हा बदलण्यात आले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी यंत्र स्वतःच्या बळावर जेमतेम एक मिनिट चालले. यंत्राला बाहेरून फिरवणारा पट्टा आता उलट यंत्रच ओढत आहे, हे प्रथम एका कामगाराच्या लक्षात आले आणि त्याने न बोलता डिझेलसमोर टोपी काढली, असे सांगतात. १८९७ साली प्राध्यापक श्रोटर यांनी नव्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णतेचे काम झाले होते. दुसरे कोणतेही इंजिन तेव्हा याच्या जवळपास नव्हते.

या यशाची किंमत मात्र त्या फटीला मोजावी लागली. दाब वाढला, उष्णता वाढली, आणि पिस्टन सिलिंडरच्या आणखी जवळ आला. डिझेल इंजिन काटकसरी आहे आणि ते जाम होऊ शकते, या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे.

ट्रकसाठी आणखी एक अडचण होती. डिझेलचे मूळ इंजिन इंधन आत फवारण्यासाठी दाबलेली हवा वापरत असे आणि त्याचा सरंजाम फार अवजड होता. १९२४च्या सुमारास जर्मनीत डिझेल इंजिनाचे ट्रक तयार होऊ लागले आणि १९२७ साली बॉश कंपनीने इंधनपंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. या पंपाचा दांडा आणि त्याची नळी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. शिलिंगाच्या जाडीवर समाधान मानणारे तंत्रज्ञान दीडशे वर्षांत केसाच्या पंचविसाव्या भागापर्यंत आले होते.

आपल्याकडची इंजिने

महाराष्ट्राच्या खेड्यात हे यंत्र ट्रकच्या आधी विहिरीवर आणि पिठाच्या गिरणीत आले. त्याला लोक ऑईल इंजिन म्हणत. (यातले 'ऑईल' म्हणजे जळण. वंगणाचे ऑईल वेगळे. मुलांचा इथे गोंधळ होतो, तो दूर करावा.) आधी ही इंजिने परदेशातून येत. साताऱ्याजवळच्या कूपर कारखान्यात १९३०च्या दशकात ती तयार होऊ लागली. १९१०पासून किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीला ऑईल इंजिनांसाठी स्वतंत्र कंपनी काढली. मोटेची जागा पंपाने घेतली आणि गावोगाव इंजिन दुरुस्त करणारी पहिली पिढी तयार झाली. हे काम त्यांनी कोणा मिस्त्रीच्या हाताखाली राहून शिकून घेतले.

ट्रकचे पर्व १९५४ साली सुरू झाले. टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक बांधायला सुरुवात केली. १९६९ साली करार संपला आणि ट्रकच्या तोंडावरचा तीन टोकांचा तारा जाऊन 'टी' हे अक्षर आले. (हीच कंपनी २००३पासून टाटा मोटर्स.) या ट्रकांतली ६९२ आणि ६९७ ही इंजिने जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून आहेत. आकड्यांचा अर्थ सोपा आहे. पहिला ६ म्हणजे सहा सिलिंडर, पुढचे ९२ किंवा ९७ म्हणजे सिलिंडरचा मिलिमीटरमधला व्यास. ६९७ इंजिनात पिस्टन १२८ मिलिमीटर वर-खाली जातो. त्यावरून इंजिनाची क्षमता काढणे हे नववीच्या वर्गासाठी चांगले उदाहरण आहे. उत्तर सुमारे ५,६७५ घन सेंटिमीटर येते, म्हणजे एका सिलिंडरचे ९४६.

फट बंद होण्याचे चार मार्ग

याच ६९७चे आकडे घेऊन पुढचे गणित करू.

पहिला मार्ग उष्णतेचा. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि सिलिंडर बिडाचा. एका अंशाला ॲल्युमिनियमची ही मिश्रधातू दर मीटरमागे सुमारे २० मायक्रॉन फुगते, तर बीड ११. इंजिन गरम झाल्यावर पिस्टनचा खालचा भाग १०० अंशांनी आणि सिलिंडर ८० अंशांनी तापला असे धरू. ९७ मिलिमीटरचा पिस्टन ०.१९४ मिलिमीटर फुगेल, सिलिंडर ०.०८५. म्हणजे थंड असताना ठेवलेली फट ०.११ मिलिमीटरने कमी झाली. कारखान्याने हे हिशोबात धरलेले असते. पण रेडिएटरचे पाणी गळून गेले, पंख्याचा पट्टा तुटला, आणि पिस्टन आणखी ५० अंशांनी तापला, तर जवळजवळ आणखी ०.१ मिलिमीटर फट जाते. आता तेलाला जागा उरत नाही. पिस्टन सिलिंडरला घासतो, ॲल्युमिनियम सुटून भिंतीला चिकटते आणि इंजिन धरते.

दुसरा मार्ग वंगणाचा. इथे बहुधा बेअरिंग आधी जाते. टॉवरने पाहिलेला तेलाचा थर फाटतो, क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना लागतात, बेअरिंगचा मऊ धातू वितळून पसरतो.

तिसरा मार्ग पाण्याचा. हेडचे गॅस्केट गेले किंवा हेडला चीर पडली, तर ट्रक उभा असताना पाणी सिलिंडरात झिरपते. पुरात पाण्यातून ट्रक काढला तर पाणी हवेच्या वाटेने आत जाते. हवा दाबता येते, पाणी दाबले जात नाही. दाबाचे प्रमाण १७ धरले तर पिस्टन सर्वांत वर असताना ६९७च्या सिलिंडरात उरणारी जागा ९४६ भागिले १६, म्हणजे सुमारे ५९ घन सेंटिमीटर. चहाच्या 'कटिंग'एवढे पाणी सहा सिलिंडरांचे इंजिन अडवायला पुरते.

चौथा मार्ग गंजाचा. हंगाम संपल्यावर ट्रक पावसाळाभर उभा राहिला की सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल उतरते, ओलाव्याने गंज धरतो आणि गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. रिंग जागच्या जागी चिकटतात.

याशिवाय तुटलेला व्हॉल्व्ह, सुटलेला बोल्ट, अडकलेला इंधनपंप ही कारणे आहेतच.

घरच्या अंगणातली तपासणी

आता मिस्त्रीचा क्रम पाहू. त्याचे सूत्र असे, की स्वस्त आणि निरुपद्रवी तपासणी आधी, खोलण्याची तपासणी नंतर.

सर्वांत आधी प्रश्न. बंद कसा पडला? चढावर भार असताना, काटा लाल भागात गेल्यावर, की रात्री नीट उभा केलेला सकाळी हलला नाही? ऑईलचा दाब दाखवणारा काटा खाली आला होता का? ठोक्याचा आवाज येत होता का? चार महिने उभा होता का? चालकाच्या उत्तरावरच वरच्या चार मार्गांपैकी एक-दोन गळून जातात. म्हणून चालकाला आधी रागावू नये. रागावले की तो खरे सांगत नाही.

दुसरे, इंजिन खरोखर जाम आहे का? 'टक्' असा आवाज कमजोर बॅटरीने, सैल तारेने किंवा सेल्फचा दाता फ्लायव्हीलमध्ये अडकल्यानेही येतो. दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे मंद झाले एवढ्यावरून काही ठरत नाही, कारण दोन्ही प्रकारांत ते मंद होतात. म्हणून बॅटरी, तारा आणि सेल्फ वेगळे तपासावेत.

तिसरे, ऑईलची पट्टी. पातळी तळाला गेली असेल तर बेअरिंगवर संशय. पातळी वाढली असेल आणि ऑईल दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. डिझेलचा वास आणि पातळपणा असेल तर इंधन उतरले आहे. चेंबरचा नट किंचित सैल केला की पाणी जड असल्याने आधी पाणीच बाहेर येते. ऑईल-फिल्टर कापून त्याच्या कागदातले कण पाहावेत. लोहचुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे, न चिकटणारे पांढरे ॲल्युमिनियमचे म्हणजे पिस्टनचे, तांबूस किंवा पिवळसर असतील तर बेअरिंगचे.

चौथे, हाताने फिरवणे. बॅटरीची तार काढावी, गाडी न्यूट्रल करावी, चाकांना मोठे दगड लावावेत. पंख्याचा पट्टा काढावा, म्हणजे डायनॅमो किंवा पाण्याचा पंप अडकला असेल तर तो वेगळा पडेल. मग क्रँकच्या नटला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हळू फिरवावे. चांगल्या सहा सिलिंडरच्या इंजिनात दर एक-तृतीयांश फेऱ्याला पाना घट्ट होतो आणि थोडे थांबले की ढिला पडतो. ती दाबलेली हवा असते. जाम इंजिनाचे बोलणे वेगळे. थोडे फिरून दरवेळी त्याच जागी टणक अडत असेल आणि उलटे फिरवल्यास मोकळे होत असेल, तर सिलिंडरात पाणी किंवा तुटका तुकडा आहे. सगळीकडे सारखे जड फिरत असेल तर बेअरिंग किंवा पिस्टन. केसभरही हलत नसेल तर गंज किंवा पूर्ण धरलेला भाग. हे फरक हाताला कळतात, सेल्फला कळत नाहीत. सेल्फला फक्त जोर माहीत असतो. त्याचा लहान दाता मोठ्या चक्राला फिरवतो, त्यामुळे बळ कैक पटींनी वाढते, आणि पाणी अडलेले असताना तेच बळ कनेक्टिंग रॉड वाकवते. ट्रॅक्टरने ओढण्यातही हाच धोका आहे.

पाचवे, नोझल काढणे. सगळी नोझल काढून पुन्हा हाताने फिरवावे. भोकातून पाणी उसळले आणि इंजिन सुटले, तर निदान झाले. काम आता हेडपुरते आहे. यावेळी तोंड भोकांवर नेऊ नये. गंजाचा संशय असेल तर त्याच भोकांतून थोडे डिझेल आणि ऑईल सोडून दोन-चार दिवस थांबावे, मग पाना पुढे-मागे हलवत राहावे. इथे जोरापेक्षा धीर उपयोगी पडतो. (नव्या, विशेषतः २०२०नंतरच्या ट्रकांमध्ये इंधनाचा दाब फार मोठा असतो आणि नोझल संगणकाशी जोडलेली असतात. ती घरी काढू नयेत. त्या आधीच्या चार पायऱ्या मात्र त्यांनाही लागू आहेत.)

सहावे, चेंबर खोलणे. एकेका रॉडची टोपी उघडून पाहिली की जळालेले बेअरिंग दिसते. पोलाद तापून निळे पडले असेल तर तिथले तापमान ३०० अंशांच्या आसपास गेले होते. विळा-कोयत्याला पाणी देणारा लोहार हा रंग ओळखतो. क्रँक घासून घ्यायचा किंवा सिलिंडर बोअर करायचा तर मात्र जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वर्कशॉपलाच जावे लागते. घरच्या तपासणीची हद्द इथे संपते.

वर्गासाठी

या विषयात शिक्षकाला बरेच काही आहे. घर्षण, प्रसरण, तरफ, वायूचा आणि द्रवाचा दाब, हे सगळे धडे एका बंद ट्रकजवळ एकत्र भेटतात. दोन इंजेक्शनच्या सिरिंज घ्याव्यात, एकीत हवा आणि दुसरीत पाणी भरावे, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबायला सांगावे. कटिंगएवढ्या पाण्याने इंजिन का अडते, हे मुलांच्या हाताला कळेल. गावातल्या मिस्त्रीला शाळेत बोलवावे आणि जाम इंजिनाला तो कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारतो, हे मुलांना लिहून घ्यायला सांगावे. त्याचे ज्ञान बहुधा कुठेही लिहिलेले नसते.

टॉवरच्या भोकातून तेल वर आले तेव्हा त्याने आधी ते बूच ठोकून बंद करायचाच प्रयत्न केला. दोनदा बूच बाहेर आल्यावर तो थांबला आणि तिथे मापक लावला. बंद ट्रकभोवती जमलेल्या माणसांना आणि सेल्फचे बटण हातात असलेल्या मालकाला हेच सांगायचे आहे. यंत्र एकदा अडले की जोर दुप्पट करू नये. ते कुठे आणि कसे अडते आहे, हे आधी मोजावे. आणि इंजिन खोलायला परवानगी देण्यापूर्वी मालकाने मिस्त्रीला एवढे जरूर विचारावे : ऑईल कसे निघाले, हाताने फिरवल्यावर काय कळले, नोझल काढून पाहिले का? या तीन प्रश्नांना खर्च काही नाही, आणि त्यांवर हंगामाचा हिशोब अवलंबून असू शकतो.